उज्वलाची दुसरी पिशवी

डॉक्टर उज्वला गांगुर्डे ही माझी सख्खी धाकटी बहीण हाय. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही विचारणार, कोणाची हो ही? तर माझी. वाल्मीक गांगुर्डे, पिंपळगाव बसवंत, त्याची. अन् सुई टोचणारी डॉक्टर नाय ती. ताऱ्यांची डॉक्टर हाय. ताऱ्यांना औषध देत नाय, त्यांची वयं सांगती. आपल्या तालुक्यात अशी दुसरी असंल तर दाखवा, मी हार घेऊन तिच्या दारात उभा राहतो.

मी स्वतः दहावी. म्हणजे दहावीला बसलो होतो. गणितानं अडवलं, मग मीच पुढं गेलो नाय. पण मला अडाणी समजू नका. द्राक्षाचा माल बघण्यात पिंपळगाव ते दिंडोरी माझ्या तोडीचा गडी नाय, हे माझे दुश्मन बी सांगतील. द्राक्षं पेटीत भरून बाहेर धाडणारे पॅकहाऊसवाले माल तोडायच्या आधी मला बागेत पाठवतात. मी फिरतो, मणी घेतो, साखर बघतो अन् सांगतो, तोडा. नायतर सांगतो, थांबा. माझ्या शब्दावर टेम्पो निघतात अन् माझ्या शब्दावर उभे राहतात. आमच्या धंद्यात शब्दापलीकडं माणसाजवळ काही नसतं.

साखर कशी बघतात ते सांगतो, कारण त्याच्याशिवाय माझ्या बहिणीचं काम तुम्हाला कळायचं नाय. एक मणी तोंडात टाकून साखर कळत नाय. एकाच घडात खांद्याचा मणी गोड असतो अन् शेंड्याचा मागं राहिलेला असतो. रस्त्याकडच्या ओळीला ऊन जास्त, मधल्या ओळी सावलीत. शेतकरी हुशार असतो. तो तुम्हाला गप्पा मारत मारत बरोबर गोड ओळीत नेतो अन् वर म्हणतो, घ्या भाऊ, कुठलाबी मणी घ्या. म्हणून मी प्लास्टिकची पिशवी घेतो, सगळी बाग फिरतो, वरचे, मधले, शेंड्याचे मणी त्यात टाकतो, पिशवीतच चुरगाळतो अन् त्या सगळ्या रसाचा एक थेंब मीटरच्या काचेवर सोडतो. मीटर म्हणजे बोटभर दुर्बिणीसारखी नळी. उजेडाकडं धरायची अन् डोळा लावायचा. आत वर निळं दिसतं, खाली पांढरं. दोन्ही जिथं भेटतात ती रेघ म्हणजे साखर.

अन् माझा एक नियम हाय. तो मला कोणी शिकवला नाय, मार खाऊन आला. साखर कमी निघाली तर एक पिशवी पुरे. मनासारखी निघाली, की दुसरी पिशवी भरायची. कमी निघाली की माणूस आपोआप शंका घेतो. मनासारखी निघाली की मीटर खिशात घालतो अन् चहाला जातो.

उज्वला शाळेत होती तेव्हा सुट्टीत माझ्या गाडीवर मागं बसून बागेत यायची. पिशवी धरायचं काम तिचं. पहिल्यांदा तिनं मीटरला डोळा लावला तेव्हा काढीचना.

"दादा, उजेडाला साखर कशी कळती?"

"कंपनीनं तसं बनवलंय."

"कंपनीला कसं कळलं?"

"तू पिशवी धर."

पिशवी तिनं धरली, प्रश्न काय सोडला नाय. घरी येऊन तिनं त्या मीटरच्या काचेवर साखरेचं पाणी टाकलं, मिठाचं टाकलं, ताक टाकलं, आईचं वरण टाकलं. सकाळी मी बागेत मीटर काढला तर झाकण चिकटलेलं अन् हळदीचा वास. लय तापलो. तिला सांगितलं, परत हात लावला तर बघ. ती म्हणली, "दादा, मिठाची बी रेघ सरकती. त्याला साखरच कळती असं नाय." मला तवा एवढंच कळलं की आपला मीटर खराब झाला. पण लिहून घ्या, ही पोरगी उजेडाच्या नादी लागली ती माझ्या मीटरनं. पुण्याच्या मोठ्या साहेबांनी नाय लावलं तिला, मी लावलं.

पुढं ती नाशिकला कॉलेजात गेली. पंचवटीत मावशीकडं राहायची, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत. खाली पहाटेपासून मेथी-कोथिंबिरीचा गलका अन् वर ही फिजिक्सचं पुस्तक घेऊन. मावशी म्हणायची, एवढ्या आवाजात पोरगी वाचती कशी? मी म्हणायचो, आमच्या घरची हाय, आमच्याकडं आवाज कमी असतो का? मग पुणे, मग डॉक्टरकी. तिला विचारणारे मलाच विचारायचे, याच्यात पुढं नोकरी काय? मी सांगायचो, तुम्हाला कळायचं नाय. खरं म्हणजे मलाच कळत नव्हतं.

कळलं एका दिवाळीला. ती घरी आली होती अन् मी दिंडोरीला द्राक्षाचा एक प्लॉट बघायला निघालो होतो. म्हणली, येते. पहिल्यासारखी मागं बसली. बागेत मी मणी गोळा करत होतो अन् ती बांधावर बसली होती. मी सहज विचारलं, "तू नक्की बघती काय गं?"

"लंबगोल गॅलक्स्या. आपली गॅलक्सी चकतीसारखी आहे, तिच्यात अजून नवे तारे होतात. मी बघते त्या अंड्यासारख्या. तिथं नवे तारे होणं कधीच थांबलंय. तारा ज्याच्यातून होतो तो गार वायूच उरला नाही."

"म्हणजे म्हाताऱ्यांचं गाव."

"तसंच. लेकरू एक नाही."

"मग एकेका म्हाताऱ्याचं वय काढती का?"

ती हसली. "एक तारा सुटा दिसला तर काढीन ना. इतक्या लांब आहेत, की सगळ्यांचा मिळून एकच धुरकट ठिपका. अब्जावधी तारे आणि उजेड एकच."

"मग वय कसं काढती?"

तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, मणी चुरगाळले अन् रस एका कोपऱ्यात आणून माझ्यासमोर धरला. "असं. मला मणी दिसत नाही, दादा. मला फक्त रस मिळतो. तो उजेड मी फोडते, त्यात काळ्या बारीक रेघा असतात. त्या रेघांवरून सांगते, आत म्हातारे किती, तरुण किती, कोणात लोखंड किती. तरुण तारा तापट असतो, निळा. पण लवकर जळून जातो. म्हातारा तांबूस. तो सावकाश जळतो."

मी तिथंच उभा राहिलो. म्हणलो, "म्हणजे माझाच धंदा!"

"तुझाच. फक्त तुला बाग फिरता येती. मला येत नाही. मी इथूनच बघते."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी ही गोष्ट पिंपळगावात दहा जणांना सांगितली असंल. टेम्पोवाल्या लहानूला तर दोनदा. लहानू माझा जुना दोस्त हाय अन् जुना वैरी बी. तो म्हणला, "म्हणजे बहीण बी माल बघती अन् भाऊ बी माल बघतो. फरक एवढाच, तिचा माल कोणी खाऊन बघत नाय."

मागच्या वर्षी तिचा फोन आला. उज्वला कधी मोठ्यानं बोलत नाय, त्या दिवशी बोलत होती. एका म्हाताऱ्या गॅलक्सीत तिला निळा उजेड सापडला होता. निळा म्हणजे तरुण. जिथं नवा तारा होणं बंद झालं असं सगळं जग म्हणत होतं, तिथं थोडे का होईना, नवे तारे. मी म्हणलो, "म्हाताऱ्यांच्या गावात पाळणा हलला म्हण की!" ती म्हणली, "दादा, मी हे इंग्रजीत असं लिहू शकत नाही." परदेशच्या मासिकात तिचा लेख आला, पहिलंच नाव तिचं. मला त्यातलं एक अक्षर वाचता आलं नाय, पण नाव वाचता आलं.

मग मी गप बसणार होतो का? महामार्गाकडं जाणाऱ्या चौकात फ्लेक्स लावला. एवढा मोठा, की खालून बघायला मान मोडावी. मधी उज्वलाचं नाव अन् फोटो, तिच्या पासपोर्टचाच मोठा केलेला, त्यामुळं ती जरा चिडल्यासारखी दिसती. मागं गॅलक्सी. खाली शुभेच्छुक म्हणून मी. अन् वर लाल अक्षरात ओळ, मी स्वतः जुळवलेली: 'मेलेल्या आकाशगंगेत नवा जन्म शोधणारी पिंपळगावची कन्या'. उज्वलाला फोटो पाठवला तर म्हणली, "दादा, मागची गॅलक्सी चकतीची आहे. माझी अंड्याची."

"अंडं फ्लेक्सवर बरं दिसत नाय."

"आणि मेलेली नाही ती. म्हातारी आहे."

"मेलेली म्हणलं की लोक थांबून वाचतात."

थांबून वाचलंच लोकांनी. शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या चेअरमननी मला गाठून सांगितलं, वाल्मीकराव, पोरीचा जाहीर सत्कार झाला पाहिजे. फेब्रुवारीतला रविवार ठरला. ती पुण्याहून येणार, सोसायटीच्या आवारात मंडप, शाल, श्रीफळ, मागून जेवण. मी आमंत्रण प्रत्येक बागेत स्वतः दिलं. आधी साखर, मग आमंत्रण.

सत्काराच्या आदल्या आठवड्यात मी बागेतच होतो, तेव्हा तिचा फोन.

"दादा, सत्कार रद्द कर."

"का? तब्येत बरी हाय ना?"

"मी बरी आहे. माझा निकाल बरा नाही."

मी ओळीतून बाहेर येऊन बांधावर बसलो. ती सावकाश सांगत होती, मी मधीमधी हं म्हणत होतो. दुसऱ्या मोठ्या दुर्बिणीनं तिनं तीच गॅलक्सी परत बघितली. नवे तारे असते तर ते पुंजक्यानं असते, जिथं जन्मले तिथंच, अन् त्यांच्याभोवती वायू पेटलेला दिसला असता. वायू नव्हता. निळा उजेड सगळ्या गॅलक्सीत सारखा पसरलेला, बरोबर म्हाताऱ्या ताऱ्यांसारखा.

"ते म्हातारेच आहेत, दादा. शेवटी शेवटी काही ताऱ्यांची वरची साल निघून जाते. आतला तापलेला गाभा उघडा पडतो. म्हणून निळे दिसतात. मी त्यांना तरुण समजले."

"निखाऱ्यावरची राख झटकली की कसा लाल होतो, तसं?"

"तसंच."

"मग ठीक हाय की. निळा उजेड हाय ना? मग निळा हाय म्हणायचं. इथं कोणाला काय कळतंय?"

"मला कळतंय."

"तुला कोणी पकडलं का पण?"

"कोणी नाही. मीच परत बघितलं. दुरुस्ती लिहून पाठवली पण."

मला राग आला. म्हणलो, "पकडलं नाय, मारलं नाय, अन् स्वतःच बोंब मारत सुटली! सत्कार होऊ दे, मग महिन्याभरानं सांग काय सांगायचं ते."

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणली, "पहिल्या वेळी मनासारखं निघालं, दादा. आणि मी दुसरी पिशवी भरली नाही."

माझ्या हातात तवा पिशवी होती. मी ती खाली ठेवली.

"मंडप सांगितलाय," मी म्हणलो. "आचारी सांगितलाय. चेअरमन येणार. रद्द होणार नाय."

"मग मी येते. पण तिथं खरं सांगणार."

आता माझं बी ऐका. लोकांना वाटंल, भावाला फुशारकी प्यारी. पण माझी भाकरी माझ्या शब्दावर हाय. शेतकरी मला बागेत येऊ देतो, कारण वाल्मीकचं माप चुकत नाय. उद्या बाजारात कोणी म्हणलं, यांच्या घरचं माप असंच, बहीण म्हाताऱ्याला तरुण म्हणती अन् भाऊ आंबटाला गोड, तर ते हसण्यावारी जाणार नाय. आमच्याकडं एकदा ठेवलेलं नाव पुढच्या हंगामाला बी चालतं. म्हणून मी ठरवलं, तिच्या हातात माईक जाऊ द्यायचा नाय. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन शाळेतले ज्ञानेश सर करणार होते. त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "शाल झाली की लगेच आभार. पोरगी लाजाळू हाय, तिला बोलायला लावू नका."

सर म्हणले, "अहो, डॉक्टरेट केलेली मुलगी लाजाळू कशी?"

"आमच्या घरात सगळे लाजाळूच हाय."

सरांनी माझ्याकडं बघितलं अन् हसू दाबलं. पण मान डोलावली.

हे आईनं ऐकलं. माझी आई सिंधुबाई, कमी बोलती. पदरानं चष्मा पुसत राहिली.

रविवारी उज्वला दुपारच्या गाडीनं आली. आईनं काढून ठेवलेली साडी नेसली. मंडपात जाताना मला म्हणली, "मला बोलायला मिळेल ना?"

"बघू, वेळ किती राहतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी मी 'कंपनीनं बनवलंय' म्हणलो होतो तेव्हा अशीच बघत होती.

माणसं लय आली. हंगाम ऐन भरात, तरी आली. प्रास्ताविक मीच केलं. मीटर, पिशवी, वरण, पंचवटी, सगळं सांगितलं. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. मग चेअरमन उठले. ते बोलायला लागले की थांबत नाय. म्हणले, "मोठमोठे परदेशी शास्त्रज्ञ जिथं हरले, तिथं आपल्या उज्वलाताईनं मेलेल्या ताऱ्यांत जीव घातला! नवीन तारे जन्माला घातले!" टाळ्यांचा पाऊस. शाल घातली, नारळ हातात दिला. फोटो काढला.

उज्वला नारळ मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या मागं तीच ओळ, 'नवा जन्म शोधणारी', कारण तसलाच दुसरा फ्लेक्स मी मंडपात बी लावला होता. ती समोर बघत नव्हती. नारळाच्या शेंडीकडं बघत होती.

ते तोंड मी ओळखतो. कॅरेटमधी वर चांगले घड रचलेले असतात अन् खाली दुय्यम माल असतो. व्यापारी येतो, वरचा थर बघून म्हणतो, वा, काय माल हाय! काही शेतकरी तेव्हा हसतात. काहींना ते कौतुक सोसत नाय. ते असे खाली बघतात, पायानं माती उकरतात अन् शेवटी स्वतःच म्हणतात, भाऊ, जरा खालचं बी बघा. तसल्या शेतकऱ्याचा माल मी पुढच्या वर्षी डोळे झाकून घेतो. डोळे झाकून म्हणजे एकाच पिशवीवर.

ज्ञानेश सरांनी माईक घेतला. "यानंतर आभारप्रदर्शन..."

बायकांच्या पहिल्या ओळीतून आईचा आवाज आला. "वाल्मीक! तू लय बोलला. आता तिला बोलू दे."

सगळा मंडप हसला. सर माझ्याकडं बघायला लागले. मी उठलो तेव्हा काय करणार ते मला बी ठाऊक नव्हतं. सरांच्या हातातून माईक घेतला. म्हणलो, "आभार नंतर. जिचा सत्कार हाय ती बोलणार. अन् ती जे सांगंल ते मला आधीच माहीत हाय, मग नंतर माझ्याकडं येऊन कोणी कानात सांगू नका."

माईक तिच्या हातात दिला. तिनं नारळ माझ्याकडं दिला.

तिनं काही सजवलं नाय. म्हणली, "माझ्या मागं जे लिहिलंय ते चुकीचं आहे. लिहिणाऱ्याची चूक नाही, माझी आहे. मी त्याला तसं सांगितलं होतं." मग मला फोनवर सांगितलं तसं सगळं सांगितलं. निळा उजेड, वायू, साल गेलेले तारे. म्हणली, "गोड निघालं की दुसरी पिशवी भरायची, हा नियम तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, कारण दादा तुमच्या बागेत तसंच करतो. मीही त्याच्याकडंच शिकले. आणि जेव्हा गरज होती तेव्हा विसरले."

चेअरमन आपल्या उपरण्याची घडी घालत होते.

मागून लहानू ओरडला, "म्हणजे ताई, पोरं नायच? सगळे म्हातारेच निघाले?"

"सगळे म्हातारेच, लहानूभाऊ. पण निळे."

हशा झाला. तेवढ्यात आमच्या शेजारच्या आक्काबाई उभ्या राहिल्या. वय किती ते त्यांना बी माहीत नाय. म्हणल्या, "पण बाई, म्हाताऱ्या जीवाला एवढं तापायला होतं कशानं?"

"वरचं सगळं गळून जातं ना, आक्काबाई. मग आतलं उघडं पडतं. आत ते पहिल्यापासून तापलेलंच असतं."

आक्काबाईंनी थोडा विचार केला. "हां. मग बरोबर हाय," म्हणल्या अन् बसल्या.

यावर कोणी हसलं नाय. मला वाटतं, त्या मंडपात जितके म्हातारे होते ते सगळे तेव्हा स्वतःशी काहीतरी पडताळून बघत होते. माझी आई सुद्धा. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. एका शेतकऱ्यानं विचारलं, त्या ताऱ्यांचं वय किती? उज्वला म्हणली, हजार कोटी वर्षाच्या आसपास, आपला सूर्य त्याच्या निम्मा बी नाही. त्यानं विचारलं, मग तिथं आता पुढं काय होणार? ती म्हणली, "नवीन काही नाही. जे आहेत ते जळत राहतील, लय सावकाश. आपण सगळे गेल्यावर सुद्धा." घरच्यासारखं 'लय' म्हणली ती, माईकवर. मला बरं वाटलं.

जेवायला चेअरमन थांबले नाय. जाताना म्हणले, "हे आधी सांगायचं होतं, वाल्मीकराव. मी काय काय बोलून बसलो." त्यांचं खरं होतं. बाकीचे जेवले. लहानू हात धुताना म्हणला, "मग उद्यापासून तुझ्याकडून साखर दोनदा बघून घ्यायची का?" तो मस्करीनं म्हणला का मनातून, ते कळलं नाय. पण जेवण मला गेलं नाय. घरी येताना उज्वला अन् आई पुढं चालत होत्या, मी मागं. आई तिला विचारत होती, त्या ताऱ्यांना नावं असतात का? ती म्हणली, नसतात, आई, सुटे दिसतच नाहीत तर नाव कुठून देणार? आई म्हणली, "अगं बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडपवाल्याची शिडी मागून घेतली अन् चौकात गेलो. चहाची गाडी नुकतीच लागली होती. लहानू तिथंच.

"काढतो का फ्लेक्स? मला दे. कांद्यावर झाकायला बरा हाय, जाड हाय."

"काढत नाय."

मी घरून कॅरेटवर नाव टाकायचा रंग आणला होता, पांढरा अन् काळा. कॅरेटवर नावं टाकून टाकून माझं अक्षर चांगलं झालंय, छापल्यासारखं. शिडीवर चढलो अन् 'मेलेल्या आकाशगंगेत' पासून सगळी लाल ओळ पांढऱ्यानं पुसून काढली. वाळेपर्यंत शिडीवरच बसलो. खालून टेम्पो जात होते, ओळखीचे डायव्हर हॉर्न मारत होते. तेवढ्यात फोन वाजला. पॅकहाऊसचा होता. ब्रश डब्यावर आडवा ठेवून उचलला. तिकडून नेहमीचा मॅनेजर म्हणला, "वाल्मीकभाऊ, दिंडोरीचा प्लॉट आज बघायचा हाय. अन् मालक म्हणले, दोन पिशव्या भरा."

टोमणा होता का भरवसा, मला आजपर्यंत उलगडलं नाय. मी म्हणलो, "मालकाला सांगा, वाल्मीक मनासारखं निघालं की दोनच भरतो." अन् फोन ठेवला.

मग काळ्या रंगानं नवी ओळ लिहिली: 'स्वतःची चूक स्वतः सांगणारी पिंपळगावची पहिली शास्त्रज्ञ'.

खाली बघितलं तर उज्वला उभी. खांद्याला पिशवी, पुण्याच्या गाडीला निघालेली. संगं आई. उज्वलानं ओळ वाचली, परत वाचली.

"दादा, माझं नावच काढून टाक ना वरून."

"आकाशाचं तुझं, बोर्डाचं माझं. तू गप."

"बरं. पण पहिली कशावरून?"

"मग दुसरी कोण हाय ते सांग."

"मला माहीत नाही. तुला माहीत आहे?"

"नाय."

"विचारलंस कोणाला?"

लहानू चहाचा कप घेऊन मधी आला. "अरे वाल्मीक, गोड निघालंय तुला. दुसरी पिशवी भर."

आई पदर तोंडाला लावून हसत होती. उज्वला हसत नव्हती. तिनं पिशवी आईकडं दिली अन् शिडी दोन्ही हातांनी धरली, कारण मी वरून तिच्याकडं बघत होतो अन् शिडी हलत होती.

मी थोडा वेळ ती ओळ बघितली. चांगली जमली होती. मग पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला अन् 'पहिली' वरून एकदा फिरवला. खालचं काळं जरा दिसत राहिलं, म्हणून परत एकदा फिरवला.